अख्खा नान

"घे बेर्मेत, मोड तुकडा."

बेर्मेतचा हात सवयीने पुढे आलाच.

"हात मागे!" बुरुलकान म्हणाली. "नको म्हण. कोरियनमध्ये."

"एजे, नानला नको कसं म्हणू? आई घराबाहेर काढेल मला."

"माझ्याकडे राहायला ये. म्हण."

वर्ग हसला. बाईंना सगळे 'एजे', म्हणजे ताई, म्हणत. किर्गिझस्तानातल्या ओशमधली ही सगळी मुलं कोरियाच्या कारखान्यांत कामाला निघालेली. थोरल्यांनी पुढे केलेला नान नाकारायचा नाही, पोट भरलेलं असलं तरी कणभर मोडून तोंडात टाकायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की परकी भाषाही तिथेच अडत होती. म्हणून बुरुलकानने अभ्यासक्रम आखताना पहिला धडा नकाराचा ठेवला होता. तिचा धाकटा भाऊ तालाय कोरियाला गेला, तेव्हा त्याला 'हो साहेब' तेवढं उत्तम येत होतं. मुकादमाने अडकलेल्या यंत्रात हात घालायला सांगितलं. तो 'हो साहेब' म्हणाला.

दार उघडून संस्थेचे संचालक साद्यर आत आले.

"बुरुलकान, सोमवारी कंपनीची माणसं वर्ग बघायला येतायत. त्यांच्यापुढे ही पोरं नन्नाचा पाढा वाचणार? आधी नमस्कार शिकव, आभार शिकव. नाहीतर दुसरी बाई तयार आहे."

"धडा बदलणार नाही, बाइके."

"बाइके म्हणतेस, आणि वर थोरल्या भावाला उलट बोलतेस?" साद्यर हसले. त्यांनी टेबलावरचा नान उचलून बेर्मेतपुढे धरला. "घे गं पोरी. हिच्या नादी लागू नकोस. पांढऱ्या दाढीच्या हातचा आहे."

बेर्मेतने हात पाठीमागे घट्ट धरले. तिचे डोळे भरून आले. मग ती स्वच्छ कोरियनमध्ये म्हणाली, "नको. मी हे करणार नाही."

साद्यर शेजारच्या मुलाकडे वळले. तोही तेच म्हणाला. मग त्याच्या मागची मुलगी. शेवटच्या बाकापर्यंत नान कोणी घेतला नाही.

नान पालथा ठेवायचा नसतो. साद्यरांनी तो रागातही सुलटाच ठेवला.

"सोमवारपासून येऊ नकोस."

"नाही येणार. यांना धडा येतोय आता."

घरी तालायने पिशवीत डोकावून पाहिलं. "एजे, अख्खाच परत? कोणी तोंडही लावलं नाही?"

"कोणीच नाही."

त्याने नान डाव्या हाताने छातीशी धरला, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी तुकडा मोडला आणि आधी तिच्यापुढे केला.

तिने घेतला.