बातमीताईचा कॉलर माईक

थांबा, थांबा! फुंकू नका माझ्यात! माईक दिसला रे दिसला की माणसाला फुंकर मारायची आणि टकटक करायची काय हौस असते, देव जाणे. मित्रांनो, मी एक जुना कॉलर माईक आहे. बोटाच्या पेराएवढा जीव, मागे एक चिमटा आणि शेपटीसारखी लांब काळी वायर. एवढुसा असलो तरी मला घटकाभर चैन नाही. कुठे खुट्ट झालं की मी दचकतो. माझा जन्मच ऐकण्यासाठी झाला, त्याला मी तरी काय करणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी भिंगातून बघत माझ्या पोटात केसासारख्या बारीक तारा जोडल्या आणि मला डबीत बंद करून दुकानात पाठवलं. डबीत काही म्हणजे काही ऐकू येईना. नुसती घालमेल! शेवटी एका गावातल्या छोट्या टीव्ही वाहिनीच्या मालकांनी मला विकत घेतलं. वाहिनी कसली, चपलांच्या दुकानावरची एक खोली! आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बातम्या चालू असताना पंखा बंद, कारण त्याची घरघर मला ऐकू यायची. घाम सगळ्यांना आणि शिव्या मला.

त्या खोलीत एक दिवस ती आली, बातम्या वाचायचं काम मागायला. त्या गावात तोवर एकाही बाईनं बातम्या वाचल्या नव्हत्या. मालक म्हणाले, "बाईच्या तोंडून बातमी लोकांना खरी वाटेल का हो?"

आवाजाची यंत्रं सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांचे कान इतके तिखट की सगळे त्यांना कानसेन म्हणत. ते हेडफोन न काढताच म्हणाले, "साहेब, डोळे मिटून ऐका आणि मग बोला." तिनं एक पान वाचलं. मालकांनी तिला तिथल्या तिथे कामावर घेतलं.

त्याच संध्याकाळी मला तिच्या कॉलरला लावलं. बाहेरून ती शांत, पण आत काळीज असं धडधडत होतं की मला वाटलं, कोणीतरी दार ठोठावतंय. थोड्याच दिवसांत गावानं तिचं नाव ठेवलं, बातमीताई. नळाला पाणी नाही अशी बातमी असली तर ती आधी स्वतः जाऊन नळ सोडून बघायची. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वाचायचं नाही, हा तिचा हट्ट. त्यापायी तिची नुसती धावपळ, आणि तिच्याबरोबर माझीही.

बातम्यांच्या आधी आमची एक रीत होती. कानसेन खोलीच्या कोपऱ्यातल्या काचेपलीकडून खूण करायचे, "लेव्हल द्या." म्हणजे काहीतरी बोला, मला आवाज किती ठेवायचा ते ठरवू द्या. बाकीचे लोक एक, दोन, तीन म्हणतात. ताई मनातलं बोलायची. "कानसेन, आज सासूबाईंशी भांडले हो, चूक माझीच होती." "कानसेन, नवे बूट चावतायत मेले!" ते फक्त कानसेनांच्या हेडफोनात जायचं आणि तिथंच राहायचं. मन मोकळं झालं की ती बातम्या कशी खणखणीत वाचायची!

पुढे लोकच म्हणू लागले, "ताई, आमची गाऱ्हाणी वाचता, मग ती सोडवायला का जात नाही?" ती एका पक्षातर्फे निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली आणि नगराध्यक्ष झाली. वाहिनीही मोठ्या इमारतीत गेली. बिनवायरचे माईक आले आणि मी खणात पडलो. गरज सरो, वैद्य मरो! खणात मी तळमळत असायचो.

मग एका संध्याकाळी ताई मुलाखतीला आली. नव्या माईकनं ऐन वेळी मान टाकली, म्हणून कानसेनांनी मला बाहेर काढलं. मला काय आनंद झाला! पण तिच्या कॉलरला लागलो आणि घाबरलो. काळीज तेच, पण धडधड वेगळी. तिचा सहायक कानाशी लागून सांगत होता, "मॅडम, नदीच्या पुलाचं विचारलं तर 'पूल पक्का आहे' एवढंच म्हणा. निवडणूक तोंडावर आलीय." तो बाहेर गेला. काचेपलीकडून कानसेनांनी खूण केली, "लेव्हल द्या."

इतक्या वर्षांची सवय, ती कुठे जाते? ताई बोलून गेली, "कानसेन, पूल पक्का नाही हो. मी स्वतः जाऊन पाहिलंय, मधल्या खांबाला चीर गेलीय. पण निवडणूक होईपर्यंत बंद करायचा नाही, असं पक्षानं ठरवलंय. झोप लागत नाही मला."

मग तिला भान आलं आणि तिनं मला मुठीत धरलं. पण आता काय उपयोग? कानसेन बाहेर आले. माझा चिमटा सरळ केल्यासारखं करत हळूच म्हणाले, "ताई, माझी नात शाळेच्या बसनं रोज त्याच पुलावरून जाते."

"उद्यापासून तिला पाठवू नका," ताई पुटपुटली.

"आणि बसमधली बाकीची पोरं?"

एवढंच विचारून ते आपल्या जागेवर गेले. लाल दिवा लागला, थेट प्रक्षेपण सुरू झालं. निवेदकानं विचारलं, "पूल सुरक्षित आहे का?" अहो, माझा जीव टांगणीला लागला! बोल, ताई, बोल!

ताई सावरून बसली. निवेदकाकडे न बघता तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जुन्या खणखणीत आवाजात म्हणाली, "नमस्कार. आजची ठळक बातमी. नदीवरच्या पुलाच्या खांबाला चीर गेली असून पूल धोकादायक आहे. नगराध्यक्षांना हे महिनाभरापासून माहीत होतं, तरी त्यांनी ते लोकांपासून लपवलं. नगराध्यक्ष मीच आहे. पूल आत्तापासून बंद."

पक्षानं तिला काढून टाकलं. लोकही चिडले, "महिनाभर आमच्या पोरांच्या जिवाशी खेळलात?" आणि त्यांचं काय चुकलं? ताई अपक्ष उभी राहिली आणि निवडणूक हरली.

कानसेन निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. मी पुन्हा खणातच आहे, पण आता खण उघडा असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. जपा बापडे. पण माझी विनवणी निराळी आहे. बोलायची गोष्ट गिळून बसू नका. उशीर झाला असला तरी बोला.

पूल अजून पडलेला नाही, दुरुस्ती रेंगाळली आहे. कानसेनांची नात रोज सकाळी जांभया देत कुरकुरते, "लांबच्या रस्त्यानं जायचं म्हणून एवढ्या लवकर उठायचं! पडला का तो पूल? नाही ना?" कानसेन म्हणतात, "बूट घाल." ती पाय आपटते, दप्तर फेकते, सगळं घर डोक्यावर घेते. घेऊ दे. कुरकुरायला ती आहे, एवढं मला पुरे आहे.