दोन इंच माया

पुरुष स्वतःची कंबर कधीही खरी सांगत नाही, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. दुकानात येतात, "छत्तीस" म्हणतात, मी टेप लावते, चाळीस निघतात, आणि मग टेपकडे असे बघतात की चूक तिचीच असावी. माझा नवरा यातलाच. लग्नात तीस होता, आता चव्वेचाळीस. मधल्या चौदा इंचांचा एकेक टाका मी उसवून परत घातलाय, त्यामुळे त्या कमरेबद्दल मला कोणी शिकवू नये. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे तो समोर नाही.

हसण्यासारखी गोष्ट एवढीच. सासरे त्रेपन्नाव्या वर्षी गेले, मोठे दीर बावन्नाव्या. दोघांनाही हृदयाने दगा दिला, दोघांचंही पोट असंच होतं. नवरा एक्कावन्नचा. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "पोट उतरवा," आणि वर बघितलं नाही. मला ते वर न बघणं अजिबात आवडलं नाही.

एकट्याने तो तीनदा जिमला लागला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते त्याने तिन्ही वेळा मोजून पाळले. दहाव्या दिवशी वजनकाट्यावर उभा राहायचा, काटा जागचा हललेला नसायचा, आणि बूट कपाटावर जायचे. चौथ्या वेळी म्हणाला, "आता ट्रेनर लावतो."

"तो काय करणार?"

"शेजारी उभा राहतो. मोजतो."

"बारापर्यंत मोजायला माणूस ठेवणार? बारापर्यंत आकडे येतात तुम्हाला."

"येतात," तो म्हणाला. "पण मी आठावर थांबतो."

मी मशीन चालू केलं.

ट्रेनर सव्वीस वर्षांचा निघाला. नवरा त्याला सर म्हणू लागला. सर म्हणाले पाणी प्या, सर म्हणाले वेळेवर झोपा. हेच मी वीस वर्षं सांगत होते, पण मला तसले दंड नाहीत. पहिल्या दिवशी सरांनी कंबर मोजून वहीत चव्वेचाळीस लिहिलं. दोन दिवसांत जिममधली टेप कुणीतरी लांबवली. तेव्हा नवरा म्हणाला, "आमच्याकडे टेपांना काय तोटा," आणि माझ्या खणातली एक घेऊन गेला. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

महिना झाला त्या संध्याकाळी तो दुकानाच्या दारातूनच ओरडला, "दोन इंच!" सरांनी मोजलं होतं. बेचाळीस. वर घरी जाऊन पाच पँटा घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. "दोन-दोन इंच आत घे." लग्नातसुद्धा त्याचा चेहरा इतका खुलला नव्हता. मी तिथे होते.

माणूस दारातून आत येईपर्यंत माझं नजरेने माप घेऊन झालेलं असतं. दारातून चव्वेचाळीसच आले होते.

तो आंघोळीला गेल्यावर मी त्याची पिशवी उघडली. टेप ओळखीची निघाली, सतराच्या आकड्यावर इस्त्रीचा डाग. जुनी कापडी टेप, ओढून ओढून ताणलेली. म्हणूनच मी ती बाद करून कागदांचं भेंडोळं बांधायला ठेवली होती. नव्या टेपशेजारी लावून बघितली. तिचे साठ इंच म्हणजे खरे त्रेसष्ट. तिने मोजलं की चव्वेचाळीसचे बेचाळीस होतात. नवऱ्याचं काही कमी झालं नव्हतं, टेपचं वाढलं होतं.

खरं सांगितलं तर बूट कपाटावर. न सांगता पँटा आत घेतल्या तर सकाळी बटण लागणार नाही, आणि बूट कपाटावरच.

दुसऱ्या दिवशी मी जिममध्ये गेले. फर्निचरच्या दुकानावर दुसरा मजला. सरांना कोपऱ्यात घेऊन दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या.

सर पांढरे पडले. "काकू, मी महिनाभर सगळ्यांना हिनेच मोजतोय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांच्याच कमरा उतरल्या. मला वाटलं, आता मला शिकवायला जमायला लागलं."

एवढ्या मोठ्या दंडांच्या माणसाची दया येणं अवघड असतं, पण मला आली. तो म्हणाला, "काकांना आत्ताच सांगतो." मी म्हटलं, आधी त्यांचं चाललंय ते संपू दे.

नवरा खांद्यावर दांडा घेऊन उठाबशा काढत होता. मी आल्याचं त्याला माहीत नव्हतं. सर शेजारी जाऊन मोजू लागले. सहा, सात, आठ. आठाला तो थांबला. मान खाली, गुडघे लटपटत. तो नेहमी इथेच थांबतो. माळा आवरताना, अर्ज भरताना, भांडतानासुद्धा. मला वाटलं सर ओरडतील. सर नुसतं म्हणाले, "नऊ."

नऊ झालेच नव्हते. पण म्हटल्यावर त्याला ते करावे लागले. मग दहा, अकरा, आणि खूप वेळाने बारा.

ट्रेनर कशासाठी लावतात ते मला तेव्हा कळलं. बारापर्यंत आकडे मलाही येतात. पण मी आठालाच म्हणायचे, जाऊ दे, ठेवा, मी करते.

सर परत आले. "सांगू?"

"नको. ही टेप मी नेते. तीन महिने कुणाचं माप घ्यायचं नाही, असा नियम काढा."

"का, असं विचारलं तर?"

"तुम्ही सर आहात. सरांना कोणी का विचारत नाही."

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पँट आत घेतली की आतली माया वाढते. मी पाचही पँटांची मागची शिवण उसवली आणि होती तिथेच परत घातली. नवा दोरा, जुनी रेघ. सकाळी नवऱ्याने पँट चढवली, आरशासमोर वळून बघितलं. "बघ, कशी बरोबर बसली!" कमी न झालेल्या कमरेला आत न घेतलेली पँट बसली होती. "बसली की," मी म्हणाले.

जिममध्ये मोजणं बंद झालं तेव्हा मी सुरू केलं. दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. जिन्यात तो कुठे थांबतो ते मला मशीनवर बसून ऐकू येतं. आधी तीनदा थांबायचा, मग दोनदा. थांबणं जरा लांबलं की माझं मशीनही थांबायचं. एके दिवशी थांबलेलं ऐकूच आलं नाही. काहीतरी झालं, असं वाटून मी अनवाणी वर धावले. तो चहा टाकत होता. जिन्यात तीनदा मी थांबले होते.

त्याचा बावन्नावा वाढदिवस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात पाचही पँटा पुन्हा माझ्या टेबलावर आल्या. "सैल होतात," तो म्हणाला. मी चांगल्या टेपने मोजलं. बेचाळीस. खरे बेचाळीस.

"दोन इंच आत घेते," मी म्हणाले.

"या वेळी खरंच घे."

मी वर बघितलं.

"मागच्या वेळी पँट उलटी करून बघितली होती," तो म्हणाला. "आतली माया तेवढीच होती. पंचवीस वर्षं टेलरचा नवरा आहे मी."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याच दिवशी सोडणार होतो. बूट घेऊन स्टुलावर चढलोसुद्धा होतो. मग म्हटलं, पाच पँटा उसवून हिने परत तशाच शिवल्या. म्हणजे ही किती घाबरलीय."

"मी काही घाबरले नव्हते."

"बरं."

घाबरले होते. रोज घाबरत होते. मी मान खाली घालून मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला, तर भोक दिसेना. पुन्हा ओवला, पुन्हा हुकला. तो शेजारी उभा होता. सात वेळा झालं, आठ वेळा झालं. मी दोरा खाली ठेवला.

"नऊ," नवरा म्हणाला.