कलकत्त्याची मिरची

आमच्या देवळीच्या बाजारात हिरव्या मिरचीवर पाणी मारलं नाही, तर गिऱ्हाईक पोत्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाणी मारलं की मिरची चकाकते आणि वजनही भरतं. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो तेवढा भाव पाडून मागतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

माझा शेजारी किसनराव या रडगाण्याला कंटाळला होता. सत्त्याहत्तर साली त्याच्या डोक्यात शिरलं, की आपली मिरची कलकत्त्याला न्यायची. पुढं तीन वर्षं ते काही डोक्यातून निघालं नाही, तो कलकत्त्याला खेपा घालत राहिला. सोबतीला मी. वर्ध्याहून हावड्यापर्यंत गर्दीच्या डब्यात बसून जाणं म्हणजे काय, ते माझ्या कमरेला विचारा. तिकडचे व्यापारी आम्हाला दारातूनच वाटेला लावायचे. शेवटी हलदारबाबू म्हणून एक भेटला. म्हणाला, एकदा पाठवा. चांगली पोचली तर दर हप्त्याला घेईन.

किसनरावनं गावातल्या घराघरात जाऊन हात जोडले. "पाणी मारू नका बाप्पा. दोन दिवस पोत्यात बंद राह्यते, सडून जाईन." लोक हसले, पण ऐकलं. ओळखीसाठी ज्यानं त्यानं पोत्याच्या तोंडाला आपल्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधली.

मालाबरोबर आम्ही दोघंही गेलो. हलदारबाबूच्या वखारीत एकेक पोतं उघडलं. मिरची ताजी, खणखणीत. मग जांभळ्या चिंधीची दोन पोती उघडली आणि आतून वाफ आली. सगळा काळा चिखल. किसनराव त्या चिंधीकडे बघत राहिला. ती त्याच्याच घरची होती. मलाही ओळखू आली.

हलदारबाबू काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाकी माल अच्छा है. जिसने पानी मारा, उसका फिर मत लाना. दोबारा हुआ तो बात खतम." किसनरावनं हो म्हणून मान हलवली.

परतीच्या गाडीत, संडासाजवळ गठुड्यावर बसून तो एवढंच बोलला, "बंडूजी, साऱ्या गावाले सांगतलं. घरी सांगाले विसरलो काय मी?"

विसरला नव्हता. घरी सांगावं लागतं, हेच त्याला सुचलं नव्हतं.

त्याची म्हातारी माय, आनंदाबाई, ओसरीवर वाट बघत होती. "हिरवीगार पोचली ना रे? लोकाईनं कोरडीच भरली म्हणे. म्या पोते शिवाच्या आंधी दोन गुंड पाणी मारलं. परमुलखात आपली मिरची उठून दिसाले पाह्यजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांची पायपीट त्या दोन घागरी पाण्यात बुडाली होती. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

"दिसली, माय," किसनराव म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

मी मागोमाग न्हाणीपाशी गेलो. म्हटलं, "गावाले रेल्वेत भिजली म्हणून सांग. कोण पाहाले येते?"

"बाबूले मान हालवून आलो ना मी," तो म्हणाला. त्याला भांडायचीही ताकद उरली नव्हती.

संध्याकाळी मारुतीपुढं माणसं जमली. कोणाची मिरची सडली, हाच एक प्रश्न. किसनराव बसल्या जागेवरून म्हणाला, "माही. पुढच्या हप्त्यापासून तुमची जाईन. माही नाई."

"अबे, रस्ता तर तुनंच काढला," लक्ष्मणराव म्हणाला. तो गावातला सगळ्यांत वडील माणूस. "तुही काऊन नाई?"

"पाणी माह्या घरातलं होतं, दादा."

एक खोटं बोलला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगतो, अजूनही वाटतं.

आता दर हप्त्याला गावची मिरची कलकत्त्याला जाते. पोती स्टेशनला पोचवायला गाडी किसनरावचीच असते. रेल्वेच्या पार्सलची रीत त्याच्याशिवाय कोणाला येत नाही. आनंदाबाई ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पाहा, माह्या किसनाची मिरची कलकत्त्याले चालली."

तिला कमी दिसतं. गाडीवर कोणाच्या चिंध्या आहेत, ते सगळ्या गावाला दिसतं.

"हो, आजी," बाया म्हणतात. "चालली ना."

किसनराव जू चढवतो आणि बैल हाकतो.