वहिनी पॅकिंगला का गेली

"टोचतंय?"

"टोचा की आधी," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी सुई दाखवली. माझ्या पायाच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता.

साखर तपासली होती, ती बरोबर निघाली. कंबर दुखते का, चपला घट्ट आहेत का, दारू घेता का, सगळं विचारून झालं. "अहो, मी चहासुद्धा अर्धा कप घेते," मी म्हटलं. शेवटी त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"बुटांना तळ चिकटवते. अकरा वर्षं झाली. सख्ख्या भावाचाच कारखाना आहे."

"खिडक्या उघड्या असतात?"

"छे! वारा लागला की सोल्यूशन आधीच सुकतं, मग तळ धरत नाही. आणि हाताला चिकटलं तर थिनरनं पुसायचं, हात लख्ख!" हे सांगताना मला चक्क अभिमान वाटत होता. मूर्ख बाई!

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या सोल्यूशनच्या वाफेनं नसा मरतात. आजपासून ते काम बंद. त्या टेबलावर अजून कोण असतं?"

"आता मी एकटीच. आधी वहिनी असायची..." दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या बोटांना मुंग्या यायच्या. दादानं तिला आठवड्याच्या आत पॅकिंगला हलवलं होतं. मला वाटलं, मालकाची बायको, करेना का आराम.

तशीच कारखान्यात गेले. दादा माझ्याच टेबलाशी बूट तपासत होता.

"वहिनीला पॅकिंगला का हलवलंस रे?"

"डॉक्टर म्हणाले होते." त्यानं मान वर केली नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्यासारखा हात नाही गं कुणाचा. तू उठलीस तर काम बंद पडलं असतं."

"अरे, मी बहीण ना तुझी? परक्यानं तरी सांगितलं असतं!"

आतल्या खोलीत खोक्यांवर टेप ओढल्याचा आवाज थांबला. वहिनी काही बाहेर आली नाही.

मी तडक निघाले. फाटकापाशी पोचले तर मागून दादाची हाक, "अगं, चप्पल!"

उजवा पाय उघडाच होता. चप्पल कुठे निसटली, पत्ताच नाही. तो ती हातात घेऊन धापा टाकत आला, खाली बसला आणि लहानपणी घालायचा तशी ती माझ्या पायात घालू लागला. मी फाटकाला धरून खाली बघत राहिले. बघितलं नसतं, तर त्याचा हात माझ्या बोटांना लागलाय हे मला कळलंही नसतं.