ट्रेमध्ये उरलेली पिन

आमच्या गॅरेजचा एक कायदा आहे आणि तो बाबांनी केलेला आहे. जितके नट खोलाल तितक्याच नव्या स्प्लिट पिना मोजून ट्रेमध्ये काढायच्या, आणि ट्रे रिकामा झाल्याशिवाय गाडी जॅकवरून उतरवायची नाही. हादऱ्यांनी सैल व्हायची नटाला खोडच असते. त्याला जागेवर धरून ठेवते ती ही दोन पायांची तार.

आणि आज ट्रेमध्ये एक पिन होती. गाडी नव्हती!

गाडी ताईची. महिन्याभरापूर्वी चालवायला शिकलेली ताई आज पहिल्यांदाच एकटी घाट उतरून नव्या नोकरीवर निघाली होती. मी स्टिअरिंगच्या दांड्याचा नट नुसता हाताने चढवला होता, पाना उचलणार तेवढ्यात ती आली. मग तिची थट्टा केल्याशिवाय मला राहवतंय का! "तुझ्या शेजारी बसायला मला काय वेड लागलंय?" असं म्हणत मी चाक चढवून मोकळी झाले. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

फोन लावला. उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच तिला दहादा बजावलं होतं.

पाना आणि पक्कड खिशात, पिन दातांत. स्कूटरला किक मारली आणि सुसाट सुटले. "ट्रे बघितलास का गं?" बाबा मागून ओरडले. उत्तर द्यायला तोंड कुठे मोकळं होतं!

घाटाच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर ती दिसली. मी हॉर्नवर हॉर्न दिले, हात हलवला. काचा बंद. तिने आरशात पाहिलं, मला जीभ काढून दाखवली आणि वेग वाढवला. बाईसाहेबांना वाटलं शर्यत आहे! मी जन्मभर चिडवलं, आज ती उट्टं काढत होती. पुढे पहिलं वळण दिसायला लागलं.

मी स्कूटर पिळली, तिच्या खिडकीशी आले आणि डाव्या हाताने स्वतःचा कान पकडला.

मी, आणि ताईपुढे कान धरलाय! हे आक्रीत पाहून तिने कचकन ब्रेकच मारला.

तिला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं आणि रस्त्यावर आडवी होऊन चाकाच्या मागे पाहिलं. नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. मी तो आवळला, त्याची खाच भोकासमोर आणली, पिन घातली, तिचे दोन्ही पाय फाकवून वाकवले. उठले आणि मला रडूच फुटलं.

"उरलेला घाट तूच चालव," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मला नाही जमणार."

"जमेल. तूच चालवायची."

स्कूटरला कुलूप घातलं आणि गाडीत बसले. पट्टा लावतेय तोच बाबांचा फोन.

"ट्रे?"

"रिकामा झाला, बाबा."

"आणि तू कुठे आहेस?"

"ताईच्या शेजारी. ती चालवतेय."