काटेसावरीचा काटा आणि दूषित रक्त

पालीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी काटेसावरीखाली सकाळपासून रांग लागली होती. झाड लालभडक फुललं होतं. सावर दरवर्षी याच दिवसांत फुलते. पण यंदा ती काट्याने रोग काढणाऱ्या कंटकनाथ महाराजांच्या पायगुणाने फुलली, असं खुद्द महाराजांनीच सांगितल्यामुळे शंकेला जागा उरली नव्हती.

हौसा रांगेत होती ती धाकट्या जावेला, कमळाला घेऊन. कमळाला साखरेचा आजार, त्यात तळपायाला जखम. पंधरा दिवसांपूर्वी महाराजांनी तिच्या गोळ्या बंद करवल्या. "गोळी आणि काटा एका अंगात नांदत नाहीत," म्हणे. जखम आता काळी पडू लागली होती.

महाराजांनी कमळाच्या पोटरीला ओली हळद फासली. खोडावरून मोडलेला काटा तांब्यातल्या तीर्थात बुडवला आणि अलगद हळदीवरून ओढला. लाल रेघ उमटली!

"बघा, दूषित रक्त! कातडी न फाडता बाहेर! आहे कुठल्या डॉक्टरची छाती?"

मग त्यांनी लिंबू पिळलं. रेघ पुन्हा पिवळी. "रोग गेला!"

गर्दीने हात जोडले. हौसाचे हात काही जुळेनात. गावातल्या लग्नांतले हळदीचे कपडे तीच धुवायची. ही लाली तिने शंभरदा पाहिली होती. बाजारातून घेतलेली साबणाची वडी तिने पिशवीतून काढली, ओली केली आणि महाराजांच्या हळदीने माखलेल्या पंजावर घासली. पंजा तांबडालाल!

"अगो बाय! महाराज, तुमचंपण रक्त दूषित?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हौसाने तांब्या उपडा केला. तळाशी पांढराशुभ्र चुना.

"हळदीला चुना लागला, साबण लागला, की ती तांबडी होते. लिंबू पडलं की परत पिवळी. पूर्वी कुंकू असंच करायचे. काट्याचा काय संबंध?"

"वैनी, मग माझा पाय गो?" कमळा रडू लागली.

तिला तशीच रिक्षात घालून रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. दोन बोटं कापावी लागली, पाय वाचला. महाराज दुपारच्या एसटीने कोल्हापूरकडे निघून गेले. तिकडच्या लोकांचं रक्तही बहुधा दूषित असावं.

हळद-चुन्याचा हा प्रयोग घरी दोन मिनिटांत होतो, मुलांसमोर जरूर करा. चमत्कार दाखवणाऱ्याला "हे कसं झालं?" एवढं तरी विचारा. आणि तो काहीही म्हणाला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.