मिलनची जळकी कुंडी

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. अमेरिकेच्या दक्षिणेला एक माळ आहे. वर उंच पाइनची झाडं, पायाखाली ओलसर जमीन आणि गवतात दडलेलं ऑर्किडचं इवलंसं रोप. आता कल्पना करा, तसंच एक रोप तुम्ही जिवापाड जपलंत आणि कुणीतरी निव्वळ आळसापायी ते मारलं. काय वाटेल?

जर्मनीतल्या डार्मश्टाट गावच्या उर्जाला तेच वाटलं. तिचा यशोधनमामा विद्यापीठात या ऑर्किडांवर संशोधन करायचा. त्याने बियांपासून वाढवलेलं एक रोप उर्जाला दिलं, एक शेजारच्या मिलनला. दोन्ही कुंड्यांत त्या माळावरचं गवतही होतं. अट एकच: पाणी पावसाचं घालायचं, नळाचं नाही. तिथल्या नळाच्या पाण्यात चुना फार.

उन्हाळ्यात पुण्याला जाताना उर्जाने आपली कुंडी मिलनवर सोपवली. स्वतःच्या रोपापुरतं पावसाचं पाणी तो पिंपातून आणायचा. तिच्या रोपासाठी दुसरी खेप कोण घालणार? नळ जवळ होता. उर्जा परतली तेव्हा मातीवर पांढरा थर होता आणि आतला कंद कुजला होता.

“आल्झो, हे बघ, झाडच तर होतं,” मिलन म्हणाला. “मामा देईल की दुसरं.”

 उर्जाने राग लोणच्यासारखा मुरत ठेवला.

जर्मनीत दुकानांत फटाके बहुधा वर्षअखेरीलाच विकायला येतात. म्हणून तिथली मराठी घरं तेव्हाच फुलबाज्या घेऊन दिवाळीपर्यंत कपाटात जपतात. त्या दिवाळीत सगळे मिलनकडे जमले. मोठी माणसं चकल्यांत रमलेली पाहून उर्जाने पेटती फुलबाजी बाल्कनीतल्या त्याच्या कुंडीत, वाळक्या गवतात खोचली. भस्सकन जाळ झाला आणि काळे खुंट उरले.

“ठिणगी उडाली असेल रे,” मिलनची आई, शुभदाकाकू, त्याला समजावत राहिल्या. तो हमसून हमसून रडला. उर्जाला त्या दिवशीचा लाडू फार गोड लागला.

काकूंना कुंडी फेकवेना. त्यांनी ती थंड खोलीतल्या खिडकीशी ठेवली. हिवाळा सरला आणि एके दिवशी त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. राखेतून दांडा वर आला होता. त्यावर गुलाबी फुलं.

“बघ,” मिलन उर्जाला म्हणाला. “तुझं मेलं, माझं फुललं.”

मामा कुंडीवर वाकला. “याच्या माळावर वीज पडून वणवा लागतो. गवत जळतं, कंद मातीखाली वाचतो, आणि मोकळा उजेड मिळाला की हे फुलतं. आपण नुसतं पाणी घालत बसलो. त्या ठिणगीचे आभार मानायला हवेत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मिलन म्हणाला. “आमच्या घरची ठिणगी.”

 उर्जाने गप्प बसावं तर फुलं त्याची. बोलावं तर आपलं बिंग फुटणार.

“ठिणगी नव्हती,” उर्जा म्हणाली. “मी पेटवलं. मरावं म्हणून.”

काकूंच्या हातातली किटली तशीच राहिली. मिलनने आ वासला.

“उर्जा, माफी माग,” मामा हळूच म्हणाला.

उर्जाने एक खुर्ची ओढली, मिलन आणि कुंडी यांच्या मधोमध ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून, फुलांकडे तोंड करून बसली.